तयार बायनरीची सुरक्षा-तपासणी बिल्ड पाइपलाइनमध्ये कशी बसवावी?

नीरेकाठी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आमचा लहानसा संघ कारखान्यांतील यंत्रांची मोजमापे गोळा करून पुढे पाठवणारी एक पेटी बनवतो. पेटीत एक्स८६-६४ प्रोसेसर आणि आम्ही स्वतः बांधलेले लिनक्स असते. त्यावर सी आणि सी++ मधील तीन प्रोग्राम, गो भाषेतील एक सेवा आणि एका सेन्सर-उत्पादकाकडून आलेल्या दोन बंद लायब्ररी एवढा ऐवज चालतो. या लायब्ररींचा सोर्स आमच्याकडे नाही आणि मिळण्याची शक्यताही नाही.

बिल्ड जेनकिन्स या स्वयंचलित बिल्ड-सर्व्हरवर होतो. सोर्स कोडचे स्टॅटिक विश्लेषण करणारी साधने पूर्वीपासून चालू आहेत आणि त्यांचे अहवाल आम्ही खरोखर वाचतो. परंतु जर्मनीतील एका खरेदीदाराने अलीकडे पाठवलेल्या प्रश्नावलीत वेगळीच मागणी आहे: प्रत्येक रिलीजमधील प्रत्येक बायनरीत (कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलीत) स्टॅक कॅनरी (स्टॅक या स्मृतीच्या भागातील मजकूर बिघडला की प्रोग्राम थांबवणारी खूण), पीआयई (प्रोग्राम दर वेळी स्मृतीत वेगळ्या पत्त्यावर चढवता येणे), रेलरो (पत्त्यांचे तक्ते सुरुवातीनंतर बदलता न येणे) आणि नॉन-एक्झिक्युटेबल स्टॅक (स्टॅकमधील मजकूर कोड म्हणून चालू न देणे) ही संरक्षणे आहेत की नाहीत, ते त्या-त्या रिलीजच्या पुराव्यानिशी दाखवावे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला असून त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत, त्यामुळे अशा प्रश्नावल्या यापुढे वाढतच जातील असा आमचा अंदाज आहे.

सध्या एक सहकारी रिलीजच्या आधी चेकसेक हे साधन हाताने चालवतो आणि त्याचे उत्तर एक्सेलमध्ये चिकटवतो. हे काम आता यंत्राकडे सोपवायचे आहे. अडचण अशी की आमच्या व्यवस्थापकांच्या मते कंपायलरचे फ्लॅग (पर्याय) मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत, लिहिलेले असताना तयार फाइल पुन्हा तपासणे म्हणजे दुप्पट काम आहे. त्यांचे म्हणणे खोडून काढण्याइतका ठोस मुद्दा मला अजून सापडलेला नाही. शिवाय तपासणी नेमक्या कोणत्या टप्प्यावर बसवावी, एखादे संरक्षण नसेल तर बिल्ड फेल करावा की केवळ इशारा द्यावा, आणि ज्या लायब्ररींवर आमचा ताबाच नाही त्यांचे काय करावे, याबद्दल संघात एकमत नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी आपला अनुभव सविस्तर सांगावा, ही विनंती.

शेलदुर्ग यांचे उत्तर

आपल्या व्यवस्थापकांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. मेकफाइलमधील फ्लॅग ही आपण कंपायलरकडे केलेली मागणी असते. ती मान्य झाली की नाही, हे फक्त तयार फाइलच सांगू शकते. मागणी आणि फाइल यांच्यामध्ये वाट चुकण्याच्या जागा भरपूर आहेत.

सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे कंपायलर बदलणे. उबुंटूच्या जीसीसी या कंपायलरमध्ये पीआयई, स्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग (कॅनरी घालणारा पर्याय), पूर्ण रेलरो आणि ऑप्टिमायझेशन चालू असताना फोर्टिफाय-सोर्स (स्मृतीत लिहिणाऱ्या लायब्ररी-फंक्शनांच्या मर्यादा तपासणारे संरक्षण) हे सर्व न सांगताच चालू असते. उबुंटूने ते आपल्या पॅकेजमध्ये तसे बसवले आहे. मूळ जीसीसी आपण स्वतः बांधले, किंवा कुणी बांधून दिलेला टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरेंचा संच) वापरला, तर यातले बरेचसे बंद असते. त्यामुळे डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सगळे हिरवे दिसते, आणि तोच सोर्स, तीच मेकफाइल पेटीसाठीच्या टूलचेनमधून गेली की संरक्षणे गायब होतात. मेकफाइलमधील एकही ओळ बदललेली नसल्याने रिव्ह्यूमध्येही काही दिसत नाही. आपण लिनक्स स्वतः बांधता असे लिहिले आहे, तेव्हा हा धोका आपल्याला थेट लागू आहे.

दुसरी जागा फोर्टिफाय-सोर्सची. हे संरक्षण ऑप्टिमायझेशन बंद असताना कामच करत नाही. एखाद्याने दोष शोधण्यासाठी एका उपप्रकल्पात ओ-शून्य (ऑप्टिमायझेशन बंद करणारा फ्लॅग) लावले आणि ते तसेच राहिले, तर मेकफाइलमध्ये फोर्टिफाय लिहिलेले असूनही बायनरीत ते नसते. ग्लिबसी ही लिनक्सवरील सीची मूळ लायब्ररी त्याबद्दल एक इशारा छापते, पण बिल्डच्या हजारो ओळींच्या लॉगमध्ये तो कोण वाचणार?

तिसरी जागा मला सर्वांत बोलकी वाटते. प्रोग्रामचा स्टॅक एक्झिक्युटेबल असावा की नसावा, हे लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्राम तयार करणारे साधन, त्या सर्व फाइलींकडे पाहून ठरवतो. हाताने लिहिलेल्या असेंब्लीच्या एकाच फाइलीत नोट-जीएनयू-स्टॅक हा रिकामा सेक्शन लिहायचा राहिला, तर एक्स८६ वर लिंकर असे गृहीत धरतो की त्या फाइलीला एक्झिक्युटेबल स्टॅक हवा असेल, आणि मग संपूर्ण प्रोग्रामचा स्टॅक तसा होतो. सीच्या शेकडो फाइली कितीही नीट कंपाइल झालेल्या असोत, एक असेंब्ली फाइल पुरते. २०२२ मध्ये आलेल्या बिनयुटिल्स (लिंकर ज्यात येतो तो साधनसंच) २.३९ पासून लिंकर याबद्दल इशारा देतो. त्याआधीचे लिंकर निमूटपणे काम उरकत. आपल्या व्यवस्थापकांना दाखवायला हे उदाहरण उत्तम आहे, कारण प्रयोग करायला फार वेळ लागत नाही. असेंब्लीची एक लहान फाइल त्या सेक्शनशिवाय लिहून प्रोग्रामला जोडा आणि रीडएल्फ या साधनाने प्रोग्राम हेडर पाहा. जीएनयू-स्टॅकच्या ओळीत आधी आर आणि डब्ल्यू एवढीच दोन अक्षरे असतात; आता त्यांच्या शेजारी ई (एक्झिक्युटेबल) उमटलेले दिसेल. एवढ्या एका अक्षराचा हा फरक असतो आणि तो कोणत्याही मेकफाइलमध्ये वाचता येत नाही.

इंटेलच्या शॅडो स्टॅकसाठी (परतीच्या पत्त्यांची वेगळी प्रत ठेवणाऱ्या संरक्षणासाठी) लागणारी खूण याच्या उलट वागते: जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीत ती असेल तरच लिंकर ती अंतिम फाइलीवर ठेवतो, एकीत नसेल तर सगळ्यांची जाते. दोन्हीकडे मुद्दा तोच, की गुणधर्म संपूर्ण फाइलीचा असतो आणि तो लिंक झाल्यावरच ठरतो.

आता टप्पा. माझे स्पष्ट मत असे आहे की तपासणी ग्राहकाकडे जाणाऱ्या अंतिम पॅकेजवर व्हावी, कंपायलरने नुकत्याच बाहेर टाकलेल्या फाइलीवर नव्हे. बिल्ड फोल्डरमधल्या फाइली तपासल्या आणि पॅकेजमध्ये मात्र कुठल्यातरी जुन्या कॅशमधील फाइल गेली, असे घडू शकते. म्हणून पॅकेज किंवा डिस्क-इमेज तयार झाल्यावर ती एका स्वच्छ फोल्डरमध्ये उलगडावी, आतील प्रत्येक फाइलीचे पहिले चार बाइट वाचून ईएलएफ (लिनक्सवरील बायनरींचे स्वरूप) फाइली शोधाव्यात आणि त्या सर्व तपासाव्यात. नावावरून किंवा ठरलेल्या यादीवरून फाइली निवडू नयेत, कारण यादीत नसलेली फाइलच पुढे त्रास देते.

तपासताना पीआयईबाबत एक काळजी घ्यावी. ईएलएफ हेडरमध्ये पीआयई प्रोग्राम आणि शेअर्ड लायब्ररी या दोन्हींचा प्रकार डीवायएन असाच लिहिलेला असतो, म्हणून नुसता प्रकार पाहून निर्णय देऊ नये; डायनॅमिक सेक्शनमधील पीआयईचा ध्वजही पाहावा. रेलरोसाठी सेगमेंट असणे पुरेसे नाही, सोबत बाइंड-नाऊ (बाहेरचे सर्व पत्ते सुरुवातीलाच जोडण्याची सूचना) नसेल तर ते अर्धेच संरक्षण ठरते. आणि प्रश्नावलीत नसले तरी आरपाथ आणि रनपाथ (लायब्ररी कुठे शोधायची त्याचे बायनरीत लिहिलेले पत्ते) अवश्य पाहा. बिल्ड मशीनवरील एखाद्या होम फोल्डरचा पत्ता बायनरीत राहून गेलेला अनेकदा सापडतो. पेटीवर तो पत्ता निर्माण करण्याची मुभा ज्याला मिळेल, त्याला आपली लायब्ररी तेथे ठेवून आपल्या प्रोग्राममध्ये शिरता येते.

जीसीसी १४ वापरत असाल तर हार्डन्ड नावाचा एकच फ्लॅग यातले बहुतेक पर्याय एकदम चालू करतो. मात्र एखादा पर्याय आपण आधीच स्वतः दिला असेल तर तो फ्लॅग त्याला हात लावत नाही, त्यामुळे तो वापरला तरी तयार फाइल तपासावी लागतेच.

मोजपट्टी यांचे उत्तर

शेलदुर्ग यांनी काय तपासावे ते नीट सांगितले आहे. मी फेल करावे की इशारा द्यावा या वादाबद्दल लिहितो, कारण अशी बहुतेक कामे तिथेच फसतात.

पहिल्याच दिवशी सर्व नियम कडक करू नका. आधी आजच्या रिलीजची जशी आहे तशी नोंद घ्या: प्रत्येक फाइलीत कोणते संरक्षण आहे आणि कोणते नाही, हे एका साध्या फाइलीत लिहून ती सोर्ससोबत गिटमध्ये ठेवा. त्यानंतरचा नियम एवढाच असावा की या नोंदीपेक्षा वाईट काहीही झाले तर बिल्ड फेल होईल. नवी फाइल पॅकेजमध्ये आली तर तिला मात्र कोणतीही सवलत नाही, तिने सर्व अटी पूर्ण केल्याच पाहिजेत. जुने दोष मग एकेक करून काढता येतात आणि प्रत्येक सुधारणेनंतर नोंद वर सरकते. इशाऱ्यांवर माझा विश्वास नाही. लाल किंवा हिरवा एवढेच लोक पाहतात. पिवळ्या रंगाचे इशारे दोन आठवड्यांत भिंतीच्या रंगासारखे होतात.

अपवाद लागतीलच. प्रत्येक अपवादासमोर कारण, जबाबदार व्यक्ती आणि मुदत असावी, आणि मुदत संपली की पाइपलाइनने तो अपवाद आपोआप नाकारावा. मुदत नसलेला अपवाद कायमचा मुक्कामाला येतो.

गोच्या सेवेला सीचे नियम लावू नका, ही माझी आग्रहाची सूचना आहे. शुद्ध गो बायनरीत स्टॅक कॅनरी नसते आणि नसणे हा दोष नाही. त्या भाषेत ॲरेच्या मर्यादा चालू असतानाच तपासल्या जातात. पीआयई हवे असेल तर मात्र बिल्डमोड सांगावा लागतो. गोची एक मोठी सोय अशी की बायनरी स्वतःमध्ये कोणती मॉड्यूल कोणत्या आवृत्तीची आहेत हे लिहून ठेवते. गो-व्हर्जनला एम हा पर्याय देऊन ते वाचता येते आणि गोव्हल्नचेक हे साधन थेट बायनरीवर चालवून ज्ञात दोष शोधता येतात. म्हणजे नियम भाषेनुसार वेगळे ठेवावे लागतील. खरेदीदाराच्या प्रश्नावलीत ‘कॅनरी: नाही’ असे लिहावे लागले तर शेजारच्या रकान्यात कारण लिहा, जाणकार परीक्षक ते मान्य करतो.

कॅनरीबद्दल आणखी एक गोष्ट. साधने साधारणपणे स्टॅक-चेक-फेल हे नाव चिन्हांच्या यादीत सापडते का, एवढेच पाहतात. डायनॅमिक पद्धतीने जोडलेल्या (लायब्ररी चालताना बाहेरून घेणाऱ्या) फाइलीत स्ट्रिप केल्यावरही, म्हणजे अनावश्यक चिन्हे काढून टाकल्यावरही, ते नाव टिकते, कारण ते बाहेरच्या लायब्ररीतून आणायचे असते. स्टॅटिक जोडणी करून (लायब्ररी फाइलीतच सामावून) नंतर स्ट्रिप केलेल्या फाइलीत ते नाहीसे होते, आणि साधन ‘कॅनरी नाही’ असे सांगते. उलट बाजूने पाहिले तर शंभर फाइलींपैकी एकीत कॅनरी असली तरी नाव सापडते आणि साधन समाधानी होते. फोर्टिफायचेही तसेच: ज्या प्रोग्राममध्ये त्या जातीचे फंक्शन वापरलेलेच नाही, त्यात त्याची खूण कुठून येणार? म्हणून या दोन रकान्यांतील उत्तर पुरावा म्हणून वाचताना जरा हात राखून वाचावे. फेडोरा आणि रेड हॅट यांच्याकडील ॲनोबिन हे कंपायलरचे प्लगिन प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीत कोणते पर्याय वापरले गेले याची नोंद टाकते, आणि ॲनोचेक ती वाचून सांगते. आपला टूलचेन त्याला जागा देत असेल तर हे उत्तर चेकसेकपेक्षा कितीतरी भरवशाचे असते.

आता पाइपलाइनच्या एका खोडीबद्दल. साधनाने ‘रेलरो नाही’ असे छापले म्हणजे ते शून्याखेरीज कोड देऊन थांबेलच असे नाही. अनेक साधने फक्त माहिती छापतात आणि यशस्वी म्हणून बाहेर पडतात. त्यांचे उत्तर दुसऱ्या कमांडकडे पाइपने दिले आणि शेलमध्ये पाइपफेल (साखळीतील कोणत्याही कमांडचे अपयश मोजणारा पर्याय) चालू नसेल, तर पहिल्या कमांडचे अपयशही गिळले जाते. म्हणून जेसन या यंत्राला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपातील उत्तर घेऊन निर्णय आपल्या स्क्रिप्टने करावा, साधनाची आवृत्ती पक्की बांधून ठेवावी, आणि तपासलेल्या फाइलींची संख्या शून्य आली तर बिल्ड फेल करावा. शेवटची अट विनोदी वाटेल, पण पॅकेज उलगडण्याचा फोल्डर बदलला की स्क्रिप्ट रिकाम्या फोल्डरवर आनंदाने हिरवा शेरा देते.

याच कारणासाठी पाइपलाइनमध्ये एक मुद्दाम बिघडवलेली बायनरी ठेवावी. कॅनरी, पीआयई, रेलरो सर्व बंद करून आणि एक्झिक्युटेबल स्टॅक मागून बांधलेला दहा ओळींचा प्रोग्राम प्रत्येक वेळी तपासणीतून जाऊ द्यावा. तो नापास झाला नाही तर तपासणीच मोडलेली आहे असे समजून सगळे थांबवावे. खरेदीदाराच्या परीक्षकांना पुरावा म्हणून ही गोष्ट फार आवडते.

पडवीतला यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत आणि त्यांतील जवळजवळ सर्व मला मान्य आहे. तरीही नीरेकाठी यांनी या हिरव्या रकान्यांचा अर्थ वाजवीपेक्षा मोठा लावू नये, म्हणून हे लिहितो. कॅनरी, पीआयई आणि रेलरो यांतून एवढेच कळते की प्रोग्राममध्ये स्मृती बिघडवणारा दोष असेल तर त्याचा गैरफायदा घेणे अवघड आहे. त्या फाइलीत आत काय आहे, याबद्दल ती संरक्षणे चकार शब्द काढत नाहीत.

एक्सझेड युटिल्स या फाइली संकुचित करणाऱ्या साधनसंचाचे प्रकरण आठवून पाहा. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचा दरवाजा, म्हणजे आत शिरण्याची छुपी वाट, घातलेला होता. एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे) लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरच्या लक्षात आले, त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो उघड केला. दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२४-३०९४. विषारी भाग चाचणीसाठीच्या दोन संकुचित फाइलींमध्ये लपवलेला होता, आणि तो बाहेर काढून बिल्डमध्ये मिसळणारी एम४ स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) होती. शिवाय एक्स८६-६४ लिनक्सवर डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधले जात असेल तरच ती जागी होई. या लायब्ररीला चेकसेकने पूर्ण गुण दिले असते. इतकेच नव्हे, ज्या एसएसएच सर्व्हरमध्ये ती शिरत होती त्याला पूर्ण रेलरो असूनही उपयोग झाला नसता, कारण आयफंक नावाच्या सोयीमुळे तिचा कोड डायनॅमिक लोडरच्या कामाच्या अगदी सुरुवातीला, संबंधित तक्ता अजून लिहिता येण्याजोगा असतानाच चालत होता.

याच्या शेजारी नेटवर्क-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सोलरविंड्स या कंपनीचे २०२० चे प्रकरण ठेवा. तिथे सोर्स स्वच्छ होता. हल्लेखोरांचा सनस्पॉट हा प्रोग्राम बिल्ड मशीनवर बसून एमएसबिल्ड हे बिल्ड-साधन सुरू होण्याची वाट पाहत असे, ओरायन या कंपनीच्या उत्पादनाच्या सोर्समधील एक फाइल बिल्डपुरती बदलत असे आणि काम झाले की मूळ फाइल परत ठेवत असे. बाहेर आलेल्या डीएलएलवर (विंडोजच्या लायब्ररी-फाइलीवर) कंपनीचीच खरी डिजिटल सही होती, त्यामुळे सही तपासणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला ती वैध दिसली. १३ डिसेंबर २०२० रोजी फायरआय या सुरक्षा-कंपनीने हे जाहीर केले. आपण सही कोणत्या टप्प्यावर करतो आणि कोणत्या भरवशावर करतो, हा प्रश्न त्यानंतर सर्वांनी स्वतःला विचारायला हवा होता. फार थोड्यांनी विचारला.

दोन प्रकरणांचे औषध वेगवेगळे आहे आणि लोक ते एकत्र करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. सोलरविंड्ससारख्या हल्ल्यावर पुनरुत्पादनक्षम बिल्ड हा उपाय आहे: एकच सोर्स दोन स्वतंत्र मशीनवर बांधायचा आणि बाहेर आलेल्या फाइली बाइट-न्-बाइट सारख्या आहेत का ते पाहायचे. एक मशीन भ्रष्ट असेल तर फरक लगेच दिसतो, आणि डिफोस्कोप हे साधन तो नेमका कुठे आहे ते उलगडून दाखवते. एक्सझेडवर हा उपाय चालला नसता, कारण विष टारबॉलमध्येच होते आणि दोन्ही मशीननी ते सारखेच बांधले असते. तिथे टारबॉल आणि गिटमधील टॅग यांची तुलना करणे हाच मार्ग होता. आपल्या पाइपलाइनमध्ये बाहेरचे सोर्स कुठून येतात, याची एकदा यादी करून पाहा. बहुतेक ठिकाणी कुणीतरी कधीतरी उतरवून ठेवलेले टारबॉल निघतील.

आणि आवृत्त्यांचे काय? हार्टब्लीड हा दोष २०१४ मध्ये उघड झाला तेव्हा ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीच्या १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या सदोष होत्या. सिस्टीममधली लायब्ररी बदलणे सोपे होते. ज्यांनी ती आपल्या प्रोग्राममध्ये स्टॅटिक जोडली होती त्यांना प्रत्येक प्रोग्राम नव्याने बांधावा लागला, आणि मुळात कोणत्या प्रोग्राममध्ये ती आहे हेच आधी शोधावे लागले. यासाठी प्रत्येक बिल्डसोबत घटकांची यादी, म्हणजे एसबीओएम, आपोआप तयार व्हावी. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबीओएमबाबत तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, तेव्हा ही मागणी केवळ जर्मनीतूनच येईल असे समजू नका. यादी बिल्ड चालू असतानाच तयार करावी. तयार बायनरीतील मजकुराच्या खुणांवरून आवृत्ती ओळखणारे सीव्हीई-बिन-टूल हे साधन बंद लायब्ररींसाठी कामाचे आहे, पण त्याचे उत्तर अंदाज म्हणूनच घ्यावे. डेबियनसारखे वितरण जुन्या आवृत्तीवरच दुरुस्ती लावते आणि मूळ आवृत्तीचा क्रमांक तसाच ठेवते, त्यामुळे केवळ क्रमांक पाहणारे साधन दुरुस्त झालेल्या दोषाबद्दलही ओरडत राहते.

नीरेकाठी यांचे प्रत्युत्तर

आपणा तिघांचेही मनापासून आभार. शेलदुर्ग यांनी सुचवलेला असेंब्लीचा प्रयोग व्यवस्थापकांसमोर करून दाखवला आणि दुप्पट कामाचा मुद्दा तिथेच मिटला. अंतिम इमेज उलगडून तपासायची, आजची नोंद गिटमध्ये ठेवायची आणि बिघडवलेली बायनरी सोबत चालवायची, एवढे ठरले आहे.

पहिल्याच फेरीत एक प्रश्न उभा राहिला. सेन्सर-उत्पादकाच्या दोन लायब्ररींपैकी एकीच्या जीएनयू-स्टॅकच्या ओळीत तेच ई आहे. आमचा मुख्य प्रोग्राम तिला डीएलओपनने (चालू असताना लायब्ररी जोडून घेणाऱ्या फंक्शनने) उचलतो. उत्पादकाला कळवले आहे, परंतु उत्तर लवकर येईल असे वाटत नाही. तोपर्यंत अपवादाच्या यादीत टाकून पुढे जावे का? आणि पडवीतला यांनी सांगितल्याप्रमाणे दोन मशीनवर बांधून पाहिले, तर प्रत्येक फाइल वेगळी निघाली. त्यात संशयास्पद काही असेल असे वाटत नाही, पण सुरुवात कुठून करावी?

शेलदुर्ग यांचे उत्तर

अपवादाच्या यादीत टाकण्याआधी त्या अपवादाची व्याप्ती समजून घ्या. अशी लायब्ररी डीएलओपनने उचलली की जुनी ग्लिबसी संपूर्ण प्रक्रियेचा स्टॅक एक्झिक्युटेबल करते, म्हणजे आपल्या मुख्य प्रोग्रामचे हिरवे उत्तर चालू होताच खोटे ठरते. २०२५ च्या आरंभी आलेल्या ग्लिबसी २.४१ पासून हे बंद झाले आहे. तिथे डीएलओपन थेट अपयशी होते. म्हणून पेटीवर ग्लिबसीची कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहा, कारण उद्या ती वर नेलीत तर सेन्सर चालायचे थांबतील आणि दोष सुरुवातीला भलत्याच ठिकाणी शोधला जाईल.

बहुतेक वेळा अशा लायब्ररीला एक्झिक्युटेबल स्टॅकची खरी गरज नसते, फक्त उत्पादकाकडील एका असेंब्ली फाइलीत तो सेक्शन राहिलेला असतो. एक्झेकस्टॅक किंवा पॅचएल्फ यांनी ती खूण काढून चाचण्या चालवून पाहता येतात. करारात फाइल बदलायला मनाई नाही ना, एवढे विचारून घ्या. मनाई असेल तर लायब्ररी मुख्य प्रोग्राममध्ये उचलू नका. ती उचलणारी एक लहान स्वतंत्र प्रक्रिया करा, तिला वेगळा युजर द्या, सिस्टमडी या लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या सोयींनी तिचे हातपाय बांधा आणि मुख्य प्रोग्रामशी तिने सॉकेटवरूनच बोलावे असे ठेवा. अपवाद मग त्या लहान प्रक्रियेपुरता उरतो आणि मोजपट्टी म्हणतात तशी मुदत घालून तो लिहिता येतो.

पडवीतला यांचे उत्तर

फाइली वेगळ्या निघण्याची कारणे सहसा साधी असतात. डेट आणि टाइम हे मॅक्रो कंपाइल करण्याची वेळ बायनरीत घालतात. सोर्स-डेट-इपॉक हा पर्यावरण-चल शेवटच्या कमिटच्या वेळेवर बांधला की जीसीसी आणि बरीचशी पॅकेजिंग साधने तीच वेळ वापरतात. दुसरे कारण फोल्डरचा पत्ता: जेनकिन्सच्या वर्कस्पेसचा पूर्ण पत्ता डीबग माहितीत आणि असर्टच्या संदेशांत शिरतो, त्यासाठी फाइल-प्रिफिक्स-मॅप हा फ्लॅग आहे. गोसाठी ट्रिमपाथ. या तीन गोष्टी करून डिफोस्कोप पुन्हा चालवा. त्यानंतर जे उरेल ते बहुधा मेकफाइलमधील वाइल्डकार्डमुळे लिंकरकडे वेगवेगळ्या क्रमाने गेलेल्या ऑब्जेक्ट फाइली असतील, तिथे यादी सॉर्ट करा.

तुलना सही करण्याआधीच्या फाइलींची करा आणि दोन्ही मशीनचे हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेले ठसे) जुळल्यावरच सहीची पायरी उघडेल असे ठेवा. दुसरे मशीन त्याच जेनकिन्सचे एजंट नसावे; त्याचा प्रशासकही शक्यतो वेगळा असावा.